हरवलेले चौदा व्होल्ट

३ जानेवारी, शुक्रवार

ओव्हन आला. चौघांनी उचलून आणला आणि स्वयंपाकघराच्या दारात पाऊण तास अडकवून ठेवला. मी ओरडतोय, आडवा करा, आडवा करा. शेवटी आडवाच करावा लागला. पण मास्तराचं पहिल्या झटक्यात ऐकलं तर जगबुडी होईल ना!

ही वही त्यासाठीच आणली. हिचा पावाचा धंदा सुरू होतोय (ती धंदा म्हणू देत नाही, 'काम' म्हणते), त्याची नोंद शास्त्रशुद्ध राहिली पाहिजे. नर्सिंगच्या मुलींच्या होस्टेलला रोज सकाळी आठला ऐंशी पाव. महिनाभर बघणार, मग मेट्रनबाई कायमचं ठरवणार. बत्तीस वर्षं हिने माझ्या शाळेच्या वेळा सांभाळल्या. आता मी रिटायर झालो आणि हिची शाळा भरली. मी तिथला शिपाई.

ओव्हनच्या पाटीवर लिहिलंय: २३० व्होल्ट, २५०० वॅट. म्हणजे करंट २५०० भागिले २३०, १०.८७ अँपियर. रोध २३० भागिले १०.८७, २१.२ ओहम. व्होल्ट आणि करंट कळले की यंत्राची सगळी कुंडली हातात येते, असं मी वर्गात सांगायचो. दोघातिघांना पटायचं.

लाइनचं काम मीच केलं. वायरमन म्हणे चार दिवसांनी येतो. ओहमचा नियम तीस वर्षं शिकवला, आणि दोन तारा पिळायला मला वायरमन लागतो होय? आईच्या खोलीत, पलंगामागे भिंतीत, जुनी जाड लाइन आहे. आधीचे लोक तिथे मोठा हीटर लावायचे. चौकोनी डबा, वर लाकडी झाकण. उघडलं. जुन्या तारा पांढुरक्या, अ‍ॅल्युमिनियमच्या. मी आणलेल्या तांब्याच्या. सोलून पकडीने घट्ट पिळल्या, टेप गुंडाळली, भिंतीला भोक पाडून पलीकडे स्वयंपाकघरात सॉकेट बसवलं, झाकण लावलं, पलंग परत भिंतीला सरकवला. ही टॉर्च धरून उभी. "अहो, चार दिवसांनी काय बिघडणार होतं?" म्हणाली. दोन तासांत काम फत्ते केलं, त्याचं कौतुक नाही.

संध्याकाळी डॉक्टर आईला बघून गेले. साखर वाढलीय. पाय घोट्यापर्यंत बधिर झालेत. टाचणी टोचली तरी तिला पत्ता नाही. गरम पाण्याची पिशवी आजपासून बंद. भाजलं तरी कळणार नाही, आणि जखम झाली तर भरणार नाही, प्रसंगी पाय काढावा लागेल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी पिशवी कपाटावर ठेवून दिली. आई म्हणते, "थंडीने मेलेली चालते वाटतं तुझ्या डॉक्टरला!" वय चौऱ्याऐंशी, जीभ चोविसाची.

६ जानेवारी, सोमवार

पहिली खेप! पहाटे साडेपाचला ओव्हन लावला, अठरा मिनिटांत पाव असे सोनेरी फुलले की ही नुसती बघत उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण म्हणाली वाफ गेली. करंट १०.८ अँपियर. वायरचा एक पदर मोकळा काढून क्लॅम्प मीटरचा चिमटा त्याभोवती धरायचा, आकडा समोर. २३० गुणिले १०.८, म्हणजे २४८४ वॅट. पाटीवरच्यापेक्षा सोळा कमी, एवढं एकोणीस-वीस चालायचंच. मेट्रनबाईंनी निरोप पाठवला, मुलींनी परत मागून घेतले.

आईला एक पाव दुधात कुस्करून दिला. "मीठ कमी आहे," म्हणाली आणि दुसरा मागितला.

११ जानेवारी, शनिवार

पाव फिके. अठरा मिनिटं तीच, पीठ तेच, यीस्ट तेच. वरून गोऱ्या माणसाला ताप आल्यासारखे. हिने चार मिनिटं वाढवली तेव्हा जरा रंग धरला, पण बाहेरून कडक झाले.

करंट १०.५. मी लगेच ओव्हनचा प्लग काढला आणि सॉकेटमध्ये मीटरच्या सळया घातल्या. २३० व्होल्ट, खणखणीत. म्हणजे लाइन निर्दोष. २३० भागिले १०.५, २१.९ ओहम. रोध वाढला! आठ दिवसांत कॉइल म्हातारी झाली. कंपनीने थातूरमातूर माल घातलाय, दुसरं काही नाही.

हिने विचारलं, "अहो, पण प्लग काढून का मोजता? ओव्हन चालू असताना मोजा ना." मी समजावलं की चालू लाइनमध्ये हात घालणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलंय. आधी बंद करा, मग हात लावा. नियम म्हणजे नियम.

आई सकाळी खुशीत होती. म्हणे, "आज भिंत काय छान उबदार लागतेय रे! पाठ शेकून निघाली." त्या भिंतीवर ऊन येतं ते दुपारी चारनंतर, आणि हे सकाळी आठला. वय झालं की असं होतं. वाद घातला नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

१०.३ अँपियर. रोध २२.३. रोज चढतोय. पाव चोवीस मिनिटं ठेवावे लागतात. होस्टेलहून चिठ्ठी: "रंग बरा नाही. आतून ओलसर. लक्ष द्यावे." हिने चिठ्ठी घडी करून डब्याखाली ठेवली आणि दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. जणू चिठ्ठी मीच लिहिली.

आई भिंतीचं पुन्हा म्हणाली. "खोटं वाटत असेल तर हात लावून बघ." मी तेव्हा आकडे मांडत होतो. संध्याकाळी आठवणीने गेलो आणि पंजा टेकवून बघितला. भिंत गार ठिक्कर. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आता कशी असेल, सकाळी असते." भुतंही वेळ पाळतात म्हणायचं!

१६ जानेवारी, गुरुवार

ओव्हन दुरुस्त करणारा आला. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून आम्ही त्याला चष्मेवालाच म्हणतो. मी वही पुढे केली: हे बघा, २१.२ होता, २२.३ झाला. त्याने वही चष्म्याला टेकवून वाचली, परत दिली आणि म्हणाला, "मास्तर, कॉइल आठवड्यात म्हातारी होत नाही. तुटते तरी, नाहीतर असते." मी म्हटलं, आकडे खोटं बोलत नाहीत. तो म्हणाला, "आकडे नाही बोलत." त्याच्या त्या 'आकडे'वरचा जोर मला आवडला नाही. ओव्हन दुकानात घेऊन गेला. दोन दिवस पाव बंद, ही होस्टेलला स्वतः जाऊन सांगून आली.

१७ जानेवारी, शुक्रवार

आई दिवसभर कुरकुरतेय. थंडी वाजते. भिंतही गार पडली म्हणे. दोन शाली दिल्या तरी तेच. पिशवी मागितली, दिली नाही. म्हणून रुसली. घरात दोन बायका, दोघी रुसलेल्या, आणि मी मध्ये रोध मोजतोय.

१८ जानेवारी, शनिवार

चष्मेवाल्याच्या दुकानात गेलो. त्याने माझ्यासमोर ओव्हन लावला. माझ्याच क्लॅम्प मीटरवर १०.८! हिने पीठ बरोबर आणलं होतं; अठरा मिनिटांत पाव सोनेरी. "ठणठणीत आहे," चष्मेवाला म्हणाला. "तुमच्या घरी काय आहे ते बघा."

मी म्हटलं, घरी सॉकेटला २३० आहे. तो म्हणाला, "असेल." मग बरंच बोलणं झालं. मी त्याला म्हटलं की नाचता येईना तर अंगण वाकडं, आणि तो म्हणाला, "मास्तर, अंगणच बघा म्हणतोय मी." हिने मला बाहेर काढलं. पाव मात्र त्याला चार देऊन आली.

१९ जानेवारी, रविवार

ओव्हन घरी. पुन्हा फिके. १०.२.

काय चाललंय कळत नाही. दुकानात २१.२ ओहम, घरी २२.५. वस्तू एकच. वाहतुकीत हादरा बसून कॉइल ढिली होत असेल. दुसरं कारणच संभवत नाही. सॉकेट आज पुन्हा तपासलं, २३०. आत्तापर्यंत अकरा वेळा तपासलंय.

आईने नवीन खूळ काढलंय. पलंगावर उलटी झोपते, डोकं पायथ्याला. मी विचारलं तर म्हणाली, "पाठ शेकून झाली, आता पायांची पाळी." निदान कुरकुर थांबली. सकाळी आठपर्यंत गाढ झोपते. तेवढीच शांतता.

२१ जानेवारी, मंगळवार

आई म्हणते जळकट वास येतो. मी म्हटलं, पावांचा असेल. ती म्हणाली, "तुझे पाव भाजतच नाहीत, ते जळतील कुठून?"

हसू आवरेना मला. हिला जाऊन सांगितलं. ही हसली नाही. पीठ मळायचं थांबवून म्हणाली, "वास मलाही येतो." मी म्हटलं, तुम्ही दोघी मिळून मला वेडा करणार. जरा आवाज चढला माझा. आई आतून म्हणाली, "राहू दे गं, चिडतो तो."

२२ जानेवारी, बुधवार

मेट्रनबाईंचा निरोप: शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर दुसरीकडून घेऊ. ही ओट्याला टेकून बसली. पीठ लागलेल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाली, "वायरमनला बोलवा."

मी म्हटलं, कशाला? सॉकेट मी बसवलंय, २३० आहे, वहीत लिहिलंय.

"वहीत काय लिहिलंय ते पाव वाचत नाहीत," ती म्हणाली.

बोलवला नाही. खरं लिहायचं तर, तो येऊन झाकणं उघडणार आणि माझ्या कामाला नावं ठेवणार, तेही हिच्यासमोर. वायरमन लोकांची ती खोडच असते. चोर सोडून संन्याशाला सुळी. दोन दिवसांत मीच शोधून काढतो.

आईने आज वासाबद्दल काही म्हटलं नाही. मीच विचारलं, येतो का अजून? "नाही रे बाबा," म्हणाली आणि कूस बदलली. म्हणजे भासच होता.

२४ जानेवारी, शुक्रवार, सकाळी पावणेसात

चष्मेवाला आत्ता दारावरून जाताना थांबला. त्या दिवशी इतकं बोललो, तरी थांबला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "मास्तर, रात्रभर डोक्यात होतं. तुम्ही प्लग काढून मोजता ना? नळाला बोट लावून ठेवलं तर आत प्रेशर पूर्णच दिसणार. धार सोडल्यावर किती उरतं ते बघा. मी मोजू?" नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण हिने माझ्याकडे असं बघितलं की मी बाजूला झालो.

त्याने ओव्हनचा मागचा पत्रा उघडला आणि पाव आत भाजत असतानाच टर्मिनलवर सळया टेकवल्या. २१६ व्होल्ट. ओव्हन बंद केला, २३०. पुन्हा लावला, २१६. मेन बोर्डाजवळ मोजलं, तिथे २३० हललं नाही. "चौदा व्होल्ट वाटेत जातायत. वायरमनला आजच बोलवा," म्हणाला आणि दुकान उघडायला गेला. मोठा गुरू! पण मानलं त्याला. सोनाराने कान टोचले.

आता नीट मांडतो. दुसरी खेप ओव्हनमध्ये आहे, वीस मिनिटं हातात आहेत.

ओव्हनवर व्होल्ट २१६, करंट १०.२. रोध २१६ भागिले १०.२, २१.२ ओहम. पाटीवरचाच! म्हणजे ओव्हन पहिल्यापासून निर्दोष, मी २३० ने भागत होतो ते चूक. ओव्हनला मिळणारी शक्ती २१६ गुणिले १०.२, २२०३ वॅट. तीनशे वॅट कमी, म्हणून पाव फिके. वा! सगळं जुळतं.

उरलेले व्होल्ट १४. करंट तोच, १०.२, कारण तार एकच. वाटेतला रोध १४ भागिले १०.२, १.३७ ओहम. एवढासा.

वाटेत खर्च होणारी शक्ती १४ गुणिले १०.२. १४२.८ वॅट.

ही शक्ती जाते कुठे? उष्णता. वर्गात सांगायचो, शंभर वॅटच्या जुन्या बल्बला हात लावून दाखवा. म्हणजे शंभरचा एक बल्ब आणि चाळीसचा एक, वाटेत कुठेतरी पेटलेत, रोज दोन-अडीच तास. लांब तारेवर पसरून थोडे जातील. बाकीचे एकाच जागी. जिथे जोड असेल तिथे. जोड एकच आहे. डबा आईच्या पलंगा

२५ जानेवारी, शनिवार

काल दिवसभर दवाखान्यात होतो. वही आज बघितली. वाक्य तसंच राहिलंय, राहू दे.

लिहिता लिहिता उठलो आणि धावलो. मेन बंद करायचं सुचलं नाही, आधी खोलीत गेलो. खोलीत पातळ धूर. आई उलटी झोपलेली, दोन्ही तळपाय झाकणाला टेकलेले. झाकण मधोमध काळं पडलं होतं. मी पलंग ओढला. ती जागी झाली आणि म्हणाली, "का रे ओढतोस, आत्ता कुठे ऊब लागली होती."

उजव्या पायाचा मोजा चिकटला होता. नायलॉनचा. काढताना... लिहिवत नाही. ती छताकडे बघत होती, तिला काहीच होत नव्हतं. मला विचारलं, "झाला का काढून?"

हिने मेन बंद केलं, कुठलाही गोंधळ न करता. पाव ओव्हनमध्येच राहिले. होस्टेलला काही गेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, डावा पाय वरवर भाजलाय. उजवा खोल, करंगळी आणि शेजारचं बोट जास्त. साखर अशी असताना काय होईल सांगता येत नाही. आठवडाभर रोज बघू. जखम वर चढली तर पाय ठेवता येणार नाही. त्यांनी विचारलं, भिंतीत एवढं गरम कशामुळे झालं?

मी सांगितलं, जुनी वायरिंग आहे हो घराची.

२७ जानेवारी, सोमवार

वायरमन आला. झाकण उघडलं. टेपचा कोळसा झालेला, तारा काळ्या. चिमट्याने जोड बाहेर काढून त्याने फुंकर मारली. म्हणाला, "तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र पिळलंय! हे दोन धातू नुसते पिळून कधी नांदत नाहीत. तापले की कमीजास्त फुगतात, जोड ढिला होतो, मधे गंज धरतो, मग आणखी तापतो. यासाठी वेगळा कनेक्टर लागतो." मी विचारलं, फ्यूज कसा उडाला नाही? "करंट वाढला तर फ्यूज उडतो. तुमचा तर कमी होत होता. त्याला काय कळणार?"

मग म्हणाला, "हे केलंय कोणी? कुठल्या गाढवाने?"

मी म्हणालो, "आधीचे लोक राहायचे, त्यांचं असेल."

ही दारात उभी होती. जिने टॉर्च धरली होती ती. वायरमनला चहा दिला, मला दिला, आणि आत गेली.

आधीच्या लोकांच्या वायरिंगमुळे

वरची ओळ सुरू करून थांबलो. ही वही माझी आहे, कोणी वाचत नाही. इथेही खोटं लिहायला लागलो तर मग संपलंच. जोड मी केला. अ‍ॅल्युमिनियम दिसत होतं, तांबं दिसत होतं, पकडीने मीच पिळलं. वायरमनला मीच येऊ दिलं नाही. दोनदा. आईने सांगितलं ते मी इथे चेष्टेने लिहून ठेवलंय, तारखेसकट. मागची पानं चाळली. तिची चेष्टा नव्हती ती. माझंच हसं आहे पानोपानी.

२८ जानेवारी, मंगळवार

नवीन लाइन टाकली, मेनपासून थेट, अखंड तांब्याची. चालू ओव्हनवर २२७ व्होल्ट. १०.७ अँपियर. पाव सोनेरी. हिने ऐंशी भरून पाठवले, शनिवार उलटून गेला होता तरी. मेट्रनबाईंनी ठेवून घेतले. घडलेलं कळलं असावं, नर्सिंगवाल्याच त्या.

मला आनंद झाला नाही. हिलाही नाही. ताटल्या धुताना मी म्हटलं, "वायरमनला मी..." ती म्हणाली, "मला कशाला सांगता? मला माहीत आहे." आणि नळ मोठा सोडला.

३० जानेवारी, गुरुवार

दोन बोटं काळी पडली. उद्या काढणार. डॉक्टर म्हणतात, आत गेल्यावर कळेल पाय वाचतो की नाही. आई त्यांना म्हणाली, "दोनच घ्या, उगाच हावरटपणा करू नका." डॉक्टर हसले. मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो.

३१ जानेवारी, शुक्रवार, दवाखान्यात

ऑपरेशनआधी एक कागद भरायला दिला. नाव, वय, साखर, औषधं. पाचव्या ओळीत, 'इजा कशी झाली'. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. शेजारी ही. समोर नर्स घाईत.

लिहिलं: "भिंतीतील वायरचा जोड तापून. जोड रुग्णाच्या मुलाने चुकीच्या पद्धतीने केला होता. रुग्णाने चार वेळा सांगूनही त्याने पाहिले नाही."

नर्स म्हणाली, "आजोबा, एवढं नाही लागत. नुसतं 'भाजले' लिहा." मी म्हटलं, राहू दे.

हिने कागद ओढून वाचला. सबंध आठवड्यात पहिल्यांदा माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "टॉर्च मी धरली होती. आणि वास मलाही आला होता. मीही पलंग सरकवला नाही, मला पाव पोचवायचे होते." आणि रडली. आठवडाभराचं साठलेलं सगळं रडली. माझ्या मनात आलं, हिच्यावरचं ओझं मला दिसलंच नव्हतं. मी माझंच मोजत बसलो होतो.

सव्वानऊला आईला आत नेलं. पावणेअकराला डॉक्टर बाहेर आले. दोन बोटं गेली. पाय राहिला.



२ फेब्रुवारी, रविवार

आई आज उठून बसली. खाटेला उशी लावून दिली. ही पाव आणायला घरी गेली होती, आम्ही दोघंच होतो. सांगायचं आजच, असं ठरवून गेलो होतो. तोंडातून मात्र आधी साखर किती, झोप कशी, हेच निघत राहिलं. तिनेच शेवटी म्हटलं, "काय ते बोलून टाक. दहावीचा निकाल लपवून ठेवला होतास तेव्हा असाच बसला होतास."

सांगितलं. जोड मी केला. वायरमनला मी येऊ दिलं नाही. सगळ्यांना जुनी वायरिंग सांगितली.

ती म्हणाली, "जोड तू केलास ते मला काय नवीन? माझ्याच पलंगामागे ठोकाठोकी चालली होती, मी खुर्चीत बसून बघत होते."

"मग वास येत होता तर शेवटी नाही का म्हणालीस? मी विचारलं होतं तुला, त्या बुधवारी."

"विचारलंस. कपाळावर ही एवढी आठी घालून विचारलंस. येतो म्हटलं असतं तर पुन्हा तिच्यावर ओरडला असतास. आधीच ती बिचारी त्या पावांपायी अर्धी झाली होती. म्हटलं, जाऊ दे."

मी म्हटलं, "आई, पाय गेला असता तुझा."

"पायाचं मला कळलंसुद्धा नाही रे, तो कधीचाच झोपलाय. तू चिडशील म्हणून पोटच्या पोराशी खोटं बोलले, ते मात्र लागलं मला."

तिचा हात धरला. म्हटलं, "आता नाही चिडणार. शपथ."

"हो, नाही चिडणार म्हणे! साठ वर्षं बघतेय मी तुला." तिने हात सोडवून घेतला आणि उशी नीट केली. "चिड हवं तेवढं. पण चिडून झालं की उठून बघत जा."

मग तिने पाणी मागितलं, मी उठून दिलं.